घटातलं धान पिवळं का?

नवरात्रात आपल्याकडे घट बसतो. परडीत शेतातली काळी माती, तीत गहू किंवा ज्वारी, मधे कलश. देवघर बहुधा अंधारंच. नवव्या माळेपर्यंत धान वीतभर होतं, पिवळसर, लवलवतं. मोठी माणसं समाधानाने म्हणतात, "यंदा घट छान आला." दसऱ्याला तेच तुरे टोपीत खोवतात. त्याच सुमारास रानात पेरलेली रब्बी ज्वारी मात्र बुटकी असते, आणि हिरवीगार. मग घरातली उंच कशी?

घरातलं धान उजेड शोधत असतं, म्हणून उंच होतं. दाण्यात साठवलेलं पिष्ट ही कोंबाची शिदोरी. ती संपायच्या आत त्याला मातीतून वर, उजेडात पोचायचं असतं. म्हणून अंधारात तो पानं पसरत नाही, सगळं बळ लांबीला लावतो. देवघरात तो मातीबाहेर आलेला असतो, पण त्याच्या लेखी अजून जमिनीतच आहे. गहू-ज्वारीत हरितद्रव्य तयार होताना एक पायरी अशी आहे, जी प्रकाशाशिवाय ओलांडताच येत नाही. हिरवा रंग नसला, की कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांचा पिवळा तेवढा दिसतो. अंधारातलं हे धान वाळवून, उरलेल्या दाण्यांसकट तोललं तर पेरलेल्या दाण्यांपेक्षा हलकं भरतं! उंची येते ती पेशींत पाणी भरून त्या ताणल्या गेल्याने; साठा तर श्वसनात खर्चच होत असतो.

आता घटाकडे नीट बघा. तुरे दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूला कललेले असतात. गवताच्या कुळातल्या कोंबाभोवती सुरुवातीला बंद म्यानासारखं आवरण असतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या अशाच कोंबांवर प्रयोग करून ते 1880 मध्ये प्रसिद्ध केले. टोकावर अपारदर्शक टोपी घातली, की कोंब वळेना. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला, तर वळायचा. म्हणजे उजेड कळतो टोकाला, वळतो खालचा भाग. मधे निरोप कोण नेतं?

डेन्मार्कच्या बॉयसन-येन्सन यांनी दाखवलं की हा निरोप जिलेटिनमधून पार होतो, अभ्रकातून नाही. मग 1926 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटच्या कोंबांची टोकं कापून आगरच्या तुकड्यावर ठेवली. आगर म्हणजे आपण घरी आणतो ते चायना ग्रास. नंतर टोकं काढून टाकली आणि तो नुसता तुकडा बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला ठेवला. पूर्ण अंधारात कोंब दुसऱ्या बाजूला वाकला. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो: निरोप टोकातून उतरून तुकड्यात आला होता, म्हणजे तो एक रसायनच होता. त्याला ऑक्सिन म्हणतात. उजेड एका बाजूने आला, की ऑक्सिन सावलीच्या बाजूला सरकतं. तिथल्या पेशींच्या भिंती सैल होऊन त्या जास्त लांबतात, आणि कोंब उजेडाकडे झुकतो.

हे घरी करता येईल. दोन वाट्यांत गहू पेरा. कोंब नखाएवढे दिसले, की एका वाटीतल्या टोकांना चांदीच्या कागदाच्या इवल्या टोप्या घाला, दुसऱ्या वाटीतले मोकळे ठेवा. दोन्ही वाट्या एका बाजूला भोक पाडलेल्या खोक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी बघा. मुलांना आधी विचारा, कोणते वळतील? मग झाकण त्यांनाच उघडू द्या.