एलसीचे पैसे कोर्टाने कधी अडवावेत?

श्रोतेहो, नमस्कार.

जालन्याच्या स्टील मिलवाल्यांना आणि लातूरच्या डाळमिलवाल्यांना आजचा विषय नवा नाही. परदेशातून भंगार किंवा तूर मागवायची म्हटली की समोरचा विक्रेता म्हणतो, आधी एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, उघडा. मग आपली बँक त्याला शब्द देते, की ठरलेली कागदपत्रे मुदतीत आणि अटींप्रमाणे आली की पैसे मिळतील. बँक कंटेनर उघडून बघत नाही. ती बिल ऑफ लेडिंग (म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती), इन्व्हॉइस, तपासणीचा दाखला बघते. बँका ज्या नियमावलीने चालतात त्या यूसीपी 600 मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे.

आता समजा, न्हावाशेव्याहून आलेला कंटेनर मिलच्या आवारात रिकामा केला आणि लोखंडाबरोबर माती, रबर, दगड असे सगळे बाहेर पडले. एलसी 90 दिवसांच्या उधारीची, म्हणजे पैसे अजून जायचे आहेत. मालक वकिलाकडे धावतो, "साहेब, काहीही करा, पण बँकेवर स्टे आणा." त्याचा संताप मला कळतो, तो रास्तच आहे. तरीही माझे मत ठाम आहे, की निव्वळ माल हलका निघाला एवढ्यावर कोर्टाने मनाई हुकूम देऊ नये. तो विक्रेत्याशी असलेला वाद आहे. त्यासाठी दावा लावावा, करारात असेल तर लवादाकडे जावे.

असे का म्हणतो? आपल्या भागातल्या जिनिंगच्या गाठी बांगलादेशाला जातात, तेव्हा आपण विक्रेते असतो. गाठी जहाजावर चढल्या, मागाहून कापसाचा भाव पडला, की तिकडच्या खरेदीदाराला मालात खोट दिसू लागते. अशा वेळी तिथल्या कोर्टाने सहज स्टे दिला तर इथला जिनवाला उभा कसा राहणार?

तारापोर कंपनीचा खटला याच जातीचा. फराक्का प्रकल्पाच्या कालव्यासाठी तिने सोव्हिएत संस्थेकडून यंत्रे घेतली. 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, किंमत वाढली, यंत्रांबद्दलही तक्रारी निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाने तरीही एलसीचे पैसे अडवू दिले नाहीत.

मग अडवावेत कधी? 1941 सालचा न्यूयॉर्कचा एक खटला जगभर दाखला म्हणून सांगितला जातो, आणि त्यातला माल निघाला होता आपल्या हिंदुस्थानातून. डुकराच्या राठ केसांचा सौदा होता. खरेदीदाराचा आरोप असा, की लखनौच्या विक्रेत्याने 50 खोक्यांत गाईचे केस आणि कचरा भरून पाठवला, कागदावर मात्र माल सौद्याप्रमाणेच दाखवला. कोर्ट म्हणाले, हे खरे असेल तर हा प्रतीचा वाद नव्हे. इथे माल पाठवलाच नाही, आणि अशा लबाडीला एलसीची ढाल मिळणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही दोनच वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. एक, व्यवहाराच्या मुळावरच घाव घालणारी उघड फसवणूक. दुसरी, पैसे गेले तर पुढे कधीच भरून निघणार नाही असे नुकसान. विक्रेता परदेशी आहे, वसुलीला त्रास होईल, एवढ्याने दुसरी वाट उघडत नाही.

फसवणुकीचा नुसता आरोपही पुरत नाही. तपासणीचा दाखला बनावट वाटतो? मग ज्या एजन्सीच्या नावाने तो निघाला तिला विचारा आणि "आम्ही असा दाखला दिलेला नाही" असे लेखी उत्तर घ्या. कंटेनर क्रमांकावरून शिपिंग कंपनीकडे चौकशी करा. त्या तारखेला तो जहाजावर चढलाच नव्हता असे निघाले, तर ते पत्र कोर्टापुढे ठेवा. असा पुरावा असेल तर न्यायाधीशांनी कचरू नये, त्याच दिवशी हुकूम द्यावा. उशीर झाला आणि विक्रेत्याकडून कागदपत्रे घेऊन आपल्या बँकेकडे पाठवणाऱ्या मधल्या बँकेने ती निर्मळ मनाने घेऊन विक्रेत्याला पैसे देऊन टाकले, तर त्या बँकेला तिचे पैसे द्यावेच लागतात. तिने कुणाला फसवलेले नसते.

अनेकदा तर कोर्टाची गरजच पडत नाही. कागदपत्रे आल्यावर ती तपासायला बँकेला कामकाजाचे जास्तीत जास्त 5 दिवस मिळतात. वजन, तारीख, मालाचे वर्णन यांत एलसीच्या अटींशी विसंगती असेल, तर बँक तेवढ्या मुदतीत सगळ्या त्रुटी लिहून नकार कळवू शकते. मुदत टळली की तो हक्क जातो. म्हणून कागदपत्रे आल्याचा बँकेचा फोन आला की मुनीमजींना पाठवून भागवू नका, एलसीची प्रत घेऊन स्वतः जा आणि एकेक ओळ ताडून बघा.

नमस्कार.