गाडी उलटते तेव्हा पट्टा काय करतो

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात निवृत्त सैनिकाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सरपंचताई आणि मंडळी, पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्या शेजारी, त्यामुळे फौजी गाडी कशी असते हे इथं सांगायला नको. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होतो, रिकव्हरीवर. गाडी उलटली की जायचं, सरळ करायची, ओढून वर्कशॉपला आणायची. काय घडलं ते माणसांआधी गाडीच सांगते.

राजस्थानात सराव चालू होता. दिवे बंद ठेवून निघालेली एक हार्डटॉप जिप्सी रात्री टेकाडावरून पलटली. आम्ही पोचलो तेव्हा ती पुन्हा चाकांवर उभी होती. ड्रायव्हर वाळूत बसून पाणी पीत होता, खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा काळानिळा वळ. शेजारचा हवालदार गाडीत नव्हता. तो मागे पडला होता, गाडी त्याच्या अंगावरून गेली होती. मी आत बॅटरी मारली. टप चेपला होता, पण दोन्ही सीटांवर माणूस बसेल एवढी जागा शाबूत होती. ड्रायव्हरचा पट्टा खांद्याजवळच्या कडीपाशी पिंजला होता, कडीचं प्लास्टिक घासून निघालं होतं. दुसरा पट्टा कोरा. त्याच्यावरची धूळसुद्धा हलली नव्हती. त्या रिकाम्या सीटचा मला आजही राग येतो.

आणि इथं काळीपिवळीत बसलो की ऐकतो, "कायले पट्टा जी? वेळ आली तं उडी मारतो." मंडळी, उडी मारायला वेळ मिळतच नाही. गाडी कलंडली की माणूस दाराबाहेर फेकला जातो, आणि बहुतेक वेळा गाडी जिकडं पडतेय तिकडंच. हात घट्ट धरून कोणी स्वतःला रोखू शकत नाही, मग तो कितीही पैलवान असो. पट्टा एवढंच करतो की शाबूत राहिलेल्या जागेत तुम्हाला ठेवतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, आणि ज्यासाठी बोलावलं तो भाग राहिलाच. भरभर सांगतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेचा २०२१ चा अहवाल आहे. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत त्यांच्या लष्कर आणि मरीन कोअरच्या फौजी गाड्यांचे, लढाई सोडून, ३,७५३ अपघात झाले, १२३ जवान गेले. त्यातले ६३ टक्के मृत्यू गाडी उलटण्याच्या अपघातांतले. चिलखत चढवलं की गाडीचं वजन वर सरकतं, ती लवकर कलंडते. म्हणून तिथं केबिन फिरत्या सांगाड्यावर बसवून जवानांना उलटं लटकवतात. गाडी कलंडताना ओरडायचं, वरच्या तोफवाल्याला आत ओढायचं, आणि थांबल्यावर एक हात टपाला टेकवून मगच पट्टा सोडायचा. नाहीतर सगळं वजन मानेवर.

आता आपला ट्रॅक्टर. ड्रायव्हरच्या पाठीशी लोखंडी कमान असते, ट्रॅक्टर उलटला तरी त्याच्यापुरती जागा शाबूत ठेवणारी. स्वीडनने ती नव्या ट्रॅक्टरांना १९५९ सालीच सक्तीची केली. आपल्याकडं बहुतेकांना नाहीच. कमान नसेल, किंवा संत्र्याच्या फांद्या लागतात म्हणून दुमडलेली असेल, तर पट्टा बांधू नका, ट्रॅक्टरखाली अडकाल. कमान उभी असेल तर पट्ट्याशिवाय चावी फिरवू नका. मडगार्डवर बसलेल्या पोराला कमानही वाचवत नाही, त्याला आधी खाली उतरवा. ज्यांच्या ट्रॅक्टरला कमान आहे त्यांनी सभा झाल्यावर थांबा, बाहेर जाऊन पट्टे ओढून बघू.