आधी भाकर, मग बोलणं

सलाम श्रोतेहो. अन् नमस्कार, रामराम, जय भीम, ज्याचं जे असेल ते घ्या. वेचणीचे दिवस आहेत, बरेच जण वावरातच मोबाईलवर रेडिओ लावून ऐकून राहिले असतील, तर हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज मी खचलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे, अन् अशा माणसाला देवाकडून शांती भेटते असं आपण म्हणतो तर नेमकं काय भेटते त्याबद्दल. मी ख्रिस्ती, यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या छोट्याशा मंडळीतला, म्हणजे आमच्या चर्चमधला, म्हणून बोलणार ते बायबलातूनच, पण घरातली अडचण काही धर्म विचारून येत नाही, तेव्हा सगळ्यांनीच ऐका.

बायबलाच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, एलीया नावाचा संदेष्टा आहे, देवाचा निरोप लोकांना सांगणारा. लय दांडगा माणूस. कर्मेल डोंगरावर बआल नावाच्या दुसऱ्या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांपुढं एकटा उभा राहिला अन् जिंकला. अन् पुढच्याच अध्यायात, म्हणजे पहिल्या राजेच्या १९ व्या अध्यायात, ईजबेल राणीनं निरोप धाडला की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते, तर हाच माणूस जीव घेऊन पळाला, बैर-शेब्याला आपल्या चाकराला मागं ठेवलं, एकटाच रानात दिवसभर चालत गेला, एका झुडपाखाली बसला अन् म्हणाला, देवा आता पुरे, माझा जीव घे. म्हणजे पाहा, विश्वासातल्या एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडूनही मरायची गोष्ट निघाली अन् बायबलानं ती लपवली नाही.

मग देवानं काय केलं? रागावला का? काल एवढा पराक्रम केला अन् आज रडतो काय, असं म्हणाला का? नाही. दूत आला, झोपलेल्या एलीयाला हात लावून म्हणाला ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर अन् पाणी. हा उठला, खाल्लं, प्याला अन् परत झोपला. झोपू दिलं त्याला. मग पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, का तर म्हणे तुला लांब चालायचं आहे. उपदेशाचा एक शब्द नाही. नंतर होरेब डोंगरावर पोचल्यावर देवानं विचारलं, तू इथं काय करून राहिला? तर यानं सगळं गाऱ्हाणं सांगितलं, अन् थोड्या वेळानं परत विचारलं तर परत तेच गाऱ्हाणं, शब्द न् शब्द तेच, अन् देवानं दोन्ही वेळा ऐकून घेतलं. आपण असतो तर दुसऱ्यांदा म्हटलं असतं, अरे भाऊ आत्ताच तर सांगितलं तू! शेवटी देव त्याला म्हणतो, तू एकटा उरला नाहीस, इस्राएलात बआलापुढं न वाकलेले अजून सात हजार आहेत, अन् जा, अलीशाला सोबत घे. हा अलीशा त्याला कुठं भेटला माहीत आहे का? वावरात. बैल धरून नांगरत होता.

आता आपण काय करतो ते पाहा. कोणाचं सोयाबीन पाण्यात सडलं, कापसाला बोंडअळी लागली, सोसायटीचं कर्ज थकलेलं, त्यात पोरीचं लग्न तोंडावर, माणूस दोन दिवस जेवला नाही, अन् आपण त्याच्या ओट्यावर बसून सांगतो की तुझा विश्वास कमी पडला बाप्पा, प्रार्थना वाढव. आमच्या मंडळीतले लोकही असंच बोलतात अन् मला त्याची चीड येते, स्पष्टच सांगतो. येशूचा प्रेषित पौल, त्यानं काय कमी प्रार्थना केली होती का? शरीरातला काटा, म्हणजे अंगाला लागलेला त्रास, काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा काही निघाला नाही, उत्तर आलं ते एवढंच की माझी कृपा तुला पुरे आहे. आता पौलाला अविश्वासू म्हणायची कोणाची हिंमत आहे? अन् प्रभू येशू स्वतः लाजर नावाच्या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी रडला, आपण याला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला.

आमच्याकडं बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. या दिवसांत बाया वेचणी आटपून सरळ तिकडंच येतात, लुगड्याला सरकीचे तंतू चिकटलेले, अन् बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं अशी ओरखडलेली की प्रार्थनेला हात जोडले तरी दिसते. त्यात एक काकू आहेत, घरधनी गेला, वावर मक्त्यानं देऊन टाकलं, स्वतः दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. एकदा त्या मोठ्यानं प्रार्थना करता करता म्हणाल्या, देवा यंदाही तेच केलं ना तू, पाहून राहिला का नाही? नवीन आलेले एक जण चपापले. पण आमचे पाळक, म्हणजे पाद्री, काही बोलले नाही, आम्हीही नाही, कारण बायबलातलं प्रार्थना-गीतांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, काढून पाहा, किती स्तोत्रं अशीच आहेत, हे परमेश्वरा कुठवर म्हणून. मग चहा झाला, कोणीतरी पोहे केले होते. जाताना काकू म्हणाल्या, आज झोप लागन. कर्ज तेवढंच, मजुरी तेवढीच, पण झोप लागन. मी ज्याला शांती म्हणून राहिलो ना, ती ही एवढीच आहे, याहून मोठी करून सांगत नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई अन् बहीण गेली, नंतर भाऊ गेला, लग्न झालं तर दोन वर्षांच्या आत नवराही गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात, ज्यात तेव्हा आपलं नागपूर-वर्धाही होतं, तिथं स्वतः आली अन् उपाशी पोरी, विधवा गोळा करून केडगावच्या मुक्ती सदनात घेऊन गेली. स्वतः भूक पाहिलेली होती ना. तरी पुढं दुःख संपलं असं नाही, १९२१ मध्ये मनोरमाही गेली अन् वर्षभराच्या आत रमाबाई गेल्या, पण तोवर मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही.

आणखी एक, अन् हे नीट ऐका. प्रार्थना चालू आहे म्हणून डॉक्टरची गोळी बंद करू नका. बीपीची असो, शुगरची असो, का डोक्याच्या ताणाची असो. कोणी सांगत असेल की गोळी म्हणजे अविश्वास, तर त्याला सांगा की पौलाच्या सोबतचा लूक वैद्य होता, अन् आपल्याच भागात मिशनवाल्यांनी उमरीला, वाशीमला दवाखाने उभे केले, अचलपूरकडं कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी केला, ते काय उगाच का? मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागते, मराठीत बोलता येते. लिहून घ्या, एक चार चार एक सहा. घरातल्या माणसाच्या मोबाईलमध्येही टाकून ठेवा.

आता ज्याला जमन त्यानं माझ्यासोबत प्रार्थना करा, वेचता वेचता केली तरी चालते. देवा, आज ज्याच्या घरी चूल पेटली नाही, ज्यानं फोन बंद करून ठेवला, जो माणसात येऊन बसणं टाळून राहिला, त्याच्याकडं कोणाला तरी पाठव, अन् पाठवायचं नाव आमचंच असन तर आम्हाला कामाचं निमित्त सांगू देऊ नको. भाव पडला, पाऊस चुकला, त्याचंही तुझ्याजवळच गाऱ्हाणं आहे, ते ऐक. प्रभू येशूच्या नावानं मागतो, आमेन.