दहा सेकंदांचा ईसीजी आणि चौऱ्याऐंशी दिवस

बसल्या जागी एक काम करू. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. नाडी मिळाली? आता मोजू नका, नुसती चाल बघा. बहुतेकांची एकसारखी असेल. एखाद्याचा मधूनच एक ठोका गळेल आणि गाडी पुन्हा रुळावर येईल. तबला ऐकणाऱ्यांना सांगायचं तर मात्रा गेली, पण सम सापडली. मी आज ज्या नाडीबद्दल बोलतोय तिला समच नसते. दोन ठोके घाईचे, एक लांबलेला, मग तीन भरभर, पुढचा कधी येईल पत्ता नाही. हे एट्रियल फिब्रिलेशन. आम्ही डॉक्टर नुसतं एएफ म्हणतो.

यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटासा खिसा असतो, त्यात रक्त साकळून गुठळी होते. ती सुटली की मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते आणि माणसाला लकवा होतो.

आता अडचण ऐका. लकव्याचा पेशंट येतो, एमआरआय होतो, मानेच्या रक्तवाहिन्या तपासतो, ईसीजी काढतो. सगळं ठीक. घरचे म्हणतात, "डॉक्टर, हार्ट तर नॉर्मल आहे ना?" अहो, तो कागद साधारण दहा सेकंदांचा! घरातला दिवा रोज फडफडतो आणि वायरमन आला की शहाण्यासारखा लागतो, तसा हा एएफ. येतो, तासभर राहतो, जातो. बहुतेकदा माणसाला कळतही नाही.

म्हणून चोवीस तासांचं होल्टर लावतात, म्हणजे दिवसभर ईसीजी नोंदवत राहणारं अंगावरचं यंत्र. हे नाव नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाचं. १९४७ च्या सुमाराचं त्यांचं यंत्र जवळपास ३८ किलोचं होतं आणि पाठीवर बांधून फिरावं लागे. आज ते काडेपेटीएवढं झालंय, तरी कुरकुर आहेच. माझ्या एका पेशंट आजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या वायरी काढून नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. अंघोळीशिवाय देवाला हात कसा लावायचा? चोवीसपैकी तेरा तासांचं रेकॉर्डिंग हाती आलं. चूक माझी. संध्याकाळी लावायच्या ऐवजी त्यांची अंघोळ, पूजा उरकल्यावर लावलं असतं तर काम झालं असतं.

पण चोवीस तास पूर्ण मिळाले तरी पुरतात का? २०१४ साली याचं उत्तर देणारे दोन मोठे अभ्यास आले. कॅनडातल्या एम्ब्रेस अभ्यासात, कारण न सापडलेल्या लकव्याच्या पेशंटना तीस दिवस छातीला पट्टा लावला. १६ टक्क्यांमध्ये एएफ सापडला. पुन्हा एकदा चोवीस तासांचं होल्टर केलेल्यांत जेमतेम ३ टक्के. क्रिस्टल एएफ अभ्यासात छातीच्या कातडीखाली छोटं यंत्रच बसवलं. वर्षभरात १२.४ टक्क्यांमध्ये एएफ दिसला, नेहमीच्या तपासण्यांत २ टक्के. मला त्यातला एक आकडा कायम आठवतो. ज्यांच्यात सापडला, त्यांतल्या निम्म्या लोकांत तो सापडायला ८४ दिवसांहून जास्त लागले. आणि आपण एका दिवसात "नॉर्मल" लिहून मोकळे होतो.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, सगळ्यांनाच ती गोळी द्या की! ती म्हणजे एएफ सापडला की देतात ती; ॲस्पिरिन नव्हे, गुठळी होऊ न देणारी त्याहून जोरकस. हेही करून पाहिलंय. २०१८ च्या नॅव्हिगेट अभ्यासात कारण न सापडलेल्या लकव्याच्या सात हजारांवर पेशंटमध्ये रिव्हरॉक्सबान, म्हणजे अशीच एक जोरकस गोळी, आणि ॲस्पिरिनची तुलना केली. लकवा कमी झाला नाही, रक्तस्राव वाढला. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सरसकट देऊन भागत नाही, एएफ शोधावाच लागतो. मात्र यंत्रात अर्ध्या मिनिटाचा एएफ दिसला तर तो लकव्याचं कारण की योगायोग, यावर आम्हा डॉक्टरांत अजून वाद आहे. माझ्यापुरतं सांगतो, मी किती वेळ टिकला ते बघतो, पेशंटचं वय, बीपी, शुगर बघतो, मगच ठरवतो.

आता मनगटावरचं स्मार्ट घड्याळ, नाडीची चाल बिघडली तर इशारा देणारं. मागच्या बाजूला हिरवा उजेड लुकलुकतो, तो कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी मोजतो. म्हणजे ते नाडी बघतं, ईसीजी नाही. तेही हात स्थिर असताना, मधून मधून. लोक ते रात्री चार्जिंगला लावतात आणि झोपेतला, म्हणजे सगळ्यात स्थिर हाताचा, वेळ फुकट जातो. चहा-नाश्ता, अंघोळ चालू असताना चार्ज करा. घड्याळ गप्प राहिलं म्हणजे एएफ नाही, असं धरू नका. बोललं, तर खऱ्या ईसीजीवर खात्री होईपर्यंत गोळी सुरू करू नका.

काही घड्याळांत ईसीजीही निघतो. दुसऱ्या हाताचं बोट बटणावर तीस सेकंद टेकवायचं. लकव्याच्या पेशंटची गोची इथेच होते. घड्याळ चांगल्या हातावर बांधलं, तर बटणावर लुळ्या हाताचं बोट टेकवावं लागतं. ते घसरतं, थरथरतं, कागदावर नुसती गिचमीड उमटते. एका काकांच्या मुलीने मला असे अकरा ईसीजी व्हॉट्सॲपवर पाठवले, एकही वाचता येईना. मी म्हटलं, "ताई, घड्याळ त्यांच्या लुळ्या हातावर बांधा, हात उशीवर ठेवा आणि चांगल्या हाताचं बोट टेकवायला सांगा." बारावा आला तो स्वच्छ होता. एएफ त्यात नव्हता. छातीचा पट्टा त्यांना सोमवारी लावतोय, चौदा दिवसांसाठी.