उतरायचं ते थाप चामला

[दृश्य: सकाळ. सायगॉन स्टेशन. फलाटावर पाठपिशव्या घेतलेली मित्रमंडळी.]

शहराचं नाव हो चि मिन्ह. स्टेशनवरची पाटी मात्र आजही सायगॉन. इथून उत्तरेला जाणारा हा लोहमार्ग हनोईपर्यंत पोचतो. १७२६ किलोमीटर, मीटरगेज, आणि बहुतेक ठिकाणी एकेरी रूळ. फ्रेंचांनी तो तुकड्यातुकड्यांनी बांधला आणि १९३६ साली पूर्ण केला. १९५४ मध्ये व्हिएतनामची फाळणी झाली, तसा हा मार्गही मधोमध तुटला. पुढच्या युद्धात पूल उडाले, रूळ उखडले. १९७६ संपता संपता गाडी पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. म्हणूनच या मार्गाला लोक थोंग न्यात म्हणतात, म्हणजे एकीकरणाचा मार्ग.

मुंबईहून आता थेट विमान आहे, त्यामुळे व्हिएतनाम आपल्याला जवळचा झाला. पण आपले बहुतेक प्रवासी विमानातून विमानात बदलतात. दा नांग, फू क्वोक, न्हा त्रांग. समुद्र, पूल, फोटो, परत. आम्ही रेल्वे धरली, कारण आम्हाला उतरायचं होतं अशा ठिकाणी, जिथून बाकीचे खिडकीतून नुसते बघत पुढे जातात. सायगॉनपासून ३१८ किलोमीटर. स्टेशनचं नाव थाप चाम.

[दृश्य: डब्याच्या आत. ढकलगाडी. खिडकी.]

मऊ खुर्च्यांचा डबा. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी, आणि तिच्यापाशी कागदी पेल्यातल्या शेवया घेऊन उभी असलेली माणसं. थोड्या थोड्या वेळानं ढकलगाडी येते: उकडलेली अंडी, भात, भाताची पेज, दुधाची घट्ट कॉफी. आमच्यातली एक शाकाहारी. तिनं सायगॉनमध्येच ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ केले होते, म्हणजे शाकाहारी जेवण. ते या देशात सगळ्यांना कळतं, कारण चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध घरांत मांस-मासे शिजत नाहीत. समोरच्या बाकावरच्या आजींना ते ऐकून इतका आनंद झाला, की त्यांनी आपल्या पिशवीतली केळी काढून तिच्या मांडीवर ठेवली. ती परत द्यायची सोय नव्हती.

शहर सुटतं, दोंग नाय नदी ओलांडली जाते, मग रबराचे मळे सुरू होतात. पुढे बिन्ह थुआनच्या भागात दोन्ही बाजूंना सिमेंटचे बुटके खांब, आणि प्रत्येक खांबावरून खाली लोंबणारं हिरवं निवडुंग. ही ड्रॅगन फ्रूटची शेती. हंगाम नसताना फुलं यावीत म्हणून शेतकरी रात्री या रांगांवर दिवे लावतात. दिवस मोठा झाला असं झाडाला वाटतं आणि ते फुलतं. रात्रीच्या गाडीनं आलात तर इथे मैलोन् मैल शेतं उजळलेली दिसतात.

का ना या किनाऱ्यावरच्या गावापाशी मात्र सगळे खिडकीला चिकटले. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मध्ये महामार्ग आणि आमची गाडी, आणि मग मिठागरं. हवा बदलली ते डब्यात बसूनही कळलं. व्हिएतनाम म्हणजे भातखाचरं आणि पाऊस हे चित्र इथे संपतं. हा देशातला सर्वांत कोरडा पट्टा. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. खडक, खुरटी काटेरी झुडपं, आणि त्यांत चरणारी मेंढरं.

[दृश्य: थाप चाम स्टेशन. फलाट.]

आम्ही उतरलो. फारसं कुणी उतरलं नाही.

या साध्या फलाटावरून एकेकाळी आणखी एक गाडी सुटायची, थेट दा लातच्या डोंगरावर. ८४ किलोमीटर, आणि तेवढ्यात जवळजवळ १५०० मीटरची चढण. काही टप्प्यांवर चढ इतका उभा, की रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली होती. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकवत गाडी वर चढायची. सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, काम पूर्ण झालं १९३२ मध्ये. साठच्या दशकाच्या अखेरीस युद्धामुळे वाहतूक थांबली, आणि १९७५ नंतर मुख्य मार्गाच्या दुरुस्तीसाठी इथले रूळ काढून नेले. इंजिनं मूळची स्वित्झर्लंडची. ती गंजत पडली होती. १९९० साली स्विस रेल्वेप्रेमींनी ती विकत घेऊन मायदेशी नेली, आणि त्यांतली काही आज फुर्का खिंडीच्या डोंगरी मार्गावर पुन्हा वाफ सोडत चालतात. इंजिनं वाचली याचा आनंद आहे. पण हा मार्ग ज्या मजुरांनी खडक फोडून बांधला, दा लातजवळचा एक छोटा तुकडा सोडला तर त्यांच्या नातवंडांना तो बघायला मिळत नाही, याचं वाईटही वाटतं.

[दृश्य: टेकडी. विटांचे तांबूस मनोरे. खालून जाणारी मालगाडी.]

थाप चाम, म्हणजे चाम लोकांचा मनोरा. स्टेशनाचं नाव ज्यावरून पडलं, ते मंदिर इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पो क्लोंग गराई.

मंदिराकडे जाण्याआधी हे चाम लोक कोण, ते सांगायला हवं. आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर दीड हजार वर्षांहून जास्त काळ चंपा नावाची राज्यं होती. दर्यावर्दी लोक, शिवाची मंदिरं बांधणारे, संस्कृतात आणि स्वतःच्या चाम भाषेत शिलालेख कोरणारे. न्हा त्रांगजवळ सापडलेला वो कान्हचा शिलालेख आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या संस्कृत लेखांमध्ये गणला जातो. उत्तरेकडून व्हिएत राजवटी सरकत आल्या तशी ही राज्यं एकेक करून गेली. १४७१ साली विजय हे मोठं राजनगर पडलं. सर्वांत दक्षिणेचं राज्य सर्वांत शेवटपर्यंत टिकलं, १८३२ पर्यंत. ते राज्य म्हणजे हाच मुलूख, आणि त्याचं नाव होतं पांडुरंग. शेजारच्या फान रांग शहराचं नाव त्यावरूनच आलं.

हे ऐकून मराठी माणूस थबकतो. आम्हीही थबकलो, तिथल्या तिथे एकानं हात जोडले. पण इथला पांडुरंग पंढरपूरचा नव्हे. हा शिवभक्तांचा मुलूख. आणि एक गोष्ट आम्हाला मनापासून सांगायची आहे. भारतातून आलेला माणूस इथे पोचला की ‘हे तर आपलंच’ म्हणतो आणि तेवढ्यावर समाधानी होऊन निघून जातो. शिव इथे समुद्रावरून आला हे खरं. पण त्यानंतरचं दीड हजार वर्षांचं घर चाम लोकांनी बांधलं, युद्धं हरूनही सांभाळलं, आणि आज तिथे दिवा लावतात तेही तेच. आपण तिथे पाहुणे. पाहुण्यासारखं गेलं की कितीतरी जास्त दिसतं.

[दृश्य: मुख्य मनोरा. दारावरचा शिव. विटांचे सांधे.]

तीन वास्तू उरल्या आहेत. प्रवेशाचा मनोरा, अग्निदेवाचं म्हटलं जाणारं कोठीघर, ज्याचं छप्पर होडीसारखं दोन्ही टोकांना उचललेलं आहे, आणि साधारण वीस मीटर उंचीचा मुख्य मनोरा, ज्याला कलान म्हणतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौदाव्याच्या आरंभी, राजा तिसरा जय सिंहवर्मन याच्या काळातली ही बांधणी. सगळं भाजक्या विटेचं. विटांच्या सांध्यांत चुना जवळपास दिसत नाही. वीट विटेवर घासून बसवल्यासारखी.

दारावर सहा हातांचा नाचणारा शिव. दोन्ही बाजूंच्या दगडी चौकटींवर चाम लिपीतले लेख. आत शिरलं की आधी नंदी, मग अंधाऱ्या गाभाऱ्यात मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेलं लिंग. हा चेहरा राजा पो क्लोंग गराईचा. चाम लोकांसाठी देव आणि राजा इथे एकच आहेत. त्यांच्या कथेत हा राजा गरीब घरात जन्मला, अंगावर त्वचारोग होता, आणि नागानं चाटून त्याला बरं केलं. पुढे त्यानं बंधारे बांधले, पाट काढले, या कोरड्या जमिनीला पाणी दिलं. ७०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात देवपण कुणाला मिळतं, हे त्या कथेतून कळतं. नंदीसमोर शेतकरी नैवेद्य ठेवतात ते पीक चांगलं यावं म्हणूनच.

[दृश्य: काते उत्सव. टेकडीवर चढणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं. ढोल.]

आम्ही मुद्दाम काते उत्सवाच्या सुमारास आलो होतो. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे बहुधा ऑक्टोबरच्या आसपास. या उत्सवातली सर्वांत सुंदर गोष्ट मंदिरात सुरूच होत नाही, ती डोंगरात सुरू होते. राजाची वस्त्रं वर्षभर चाम लोकांकडे नसतात. ती सांभाळतात डोंगरात राहणारे रागलाई लोक. चाम कथेनुसार रागलाई म्हणजे धाकटं भावंड, आणि काळ कठीण आला तेव्हा राजाचं लेणं त्यांच्याकडे सोपवलं गेलं. काते आला की रागलाई ती वस्त्रं घेऊन खाली उतरतात आणि मिरवणूक टेकडीवर चढते. पुढे गिनांग ढोल, सनईसारख्या सरनाईचे उंच सूर, पंखे घेऊन नाचणाऱ्या मुली.

वर पोचल्यावर दार उघडण्याचा विधी होतो. मुख्य पुजाऱ्याला पो अधिया म्हणतात. कधार, म्हणजे गायक पुजारी, कासवाच्या पाठीचं दोन तारांचं वाद्य वाजवत स्तोत्रं गातो. मग मूर्तीला स्नान, मग एकेक वस्त्र. गाभारा इतका लहान आहे की मोजकीच माणसं आत मावतात. तिथे आम्ही कॅमेरा नेला नाही. म्हणून तुम्हाला आता पडद्यावर अंगण दिसतंय: चटया, केळी, अंडी, शिजवलेलं कोंबडं, तांदळाची दारू, विड्याची पानं, आणि त्यांच्याभोवती गोलाकार बसलेली घरंच्या घरं. एका कुटुंबानं आम्हाला खुणेनं चटईवर बसवलं. आमच्या शाकाहारी मैत्रिणीपुढे केळ्यांचा फणा आला. पुन्हा केळीच.

या समाजात दोन मोठे प्रवाह आहेत. एक ब्राह्मणी परंपरेचा, जो गोमांस खात नाही. दुसरा बानी, ज्यानं इस्लाम आपल्या पद्धतीनं सामावून घेतला आणि जो डुकराचं मांस खात नाही. गावं शेजारी, भाषा एक, पूर्वज एक. एकमेकांच्या सणांना जाणं-येणं असतं. आमच्या शेजारी बसलेले काका बानी गावातले होते. सोयऱ्यांकडे काते जेवायला आले होते.

[दृश्य: बाउ त्रुक गाव. मातीचा गोळा. हात.]

फान रांगपासून दहाएक किलोमीटरवर बाउ त्रुक. इथे मडकी बायका घडवतात, आणि चाक नाही. मातीचा गोळा एका उंच बैठकीवर स्थिर असतो आणि कुंभारीण त्याच्याभोवती फिरते. कंबरेत वाकून, मागे मागे पावलं टाकत, हाताच्या दाबानं काठ उचलत. माती क्वाव नदीकाठची. भट्टीही नाही, उघड्यावर लाकडं आणि पेंढा रचून भाजतात, त्यामुळे प्रत्येक भांड्यावर धुराचे आणि आगीचे वेगळे डाग उमटतात. २०२२ साली युनेस्कोनं ही कला तातडीनं जपायला हव्या अशा वारशाच्या यादीत घेतली. तातडीनं, हे महत्त्वाचं. तरुण मुली कारखान्यांत आणि शहरांत जातात. आम्ही ज्यांच्या अंगणात बसलो, त्या आजींच्या मातीच्या गोळ्याभोवती फिरणारी दुसरी पावलं नव्हती.

संध्याकाळी फान रांगच्या रस्त्यावर आम्ही बान कान खाल्लं. कोळशाच्या शेगडीवर मातीचा साचा, त्यात तांदळाचं पीठ, वर झाकण. अगदी आपले आप्पे, पण आत अंडं किंवा माकूल, आणि बुडवायला माशाचा पातळ सॉस. तो साचा बाउ त्रुकचाच. हातानं घडवलेलं भांडं रोज कामाला येतं, तोवर कलेला आधार आहे.

[दृश्य: द्राक्षमळा. मांडवाखालून चालणारा मित्र.]

आमच्यातला तासगावचा गडी आल्यापासून एकाच गोष्टीची वाट बघत होता. हा कोरडा मुलूख व्हिएतनामचा द्राक्षांचा मुलूख आहे. लाल कार्डिनल जुनी, हिरवी नव्या वाणाची. मांडवाखाली शिरल्यावर त्यानं पानं उलटून पाहिली, काडी वाकवून पाहिली, आणि मळ्याच्या मालकाला मोबाइलवरच्या भाषांतरातून पहिला प्रश्न विचारला: छाटणी कधी? आपल्याकडे एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी, आणि वर्षाला एक पीक. इथे थंडी जवळपास नाहीच, वेल झोपतच नाही. छाटलं की फुटतो. वर्षाला दोन, कधी तीन पिकं.

मालकानं विचारलं, मग मधल्या काळात तुम्ही वेलाचं काय करता? आमच्या मित्रानं काडी हातात धरून मांडवाखालीच समजवायला सुरुवात केली. भुरी, डावणी हे वेलाचे रोग, सगळं हातवाऱ्यांनी. तासभर गेला. मालकीणबाई खुर्च्या घेऊन आल्या.

[दृश्य: स्टेशन. वेळापत्रकाचा फलक.]

जुलै २०२५ पासून इथला निन्ह थुआन हा प्रांत नकाशावर वेगळा राहिलेला नाही, तो शेजारच्या खान्ह होआत विलीन झाला. स्टेशनच्या पाटीवर मात्र थाप चाम आहेच. इथून न्हा त्रांग ९३ किलोमीटर. तिथे पो नगर देवीची चाम मंदिरं आहेत, आणि आमची पुढची तिकिटं तिथलीच होती. गाडी आली तेव्हा चढलो आम्ही, पण तासगावचा मित्र चढला नाही. मळ्याच्या मालकानं दुसऱ्या दिवशी सकाळी छाटणीला बोलावलं होतं, आणि त्यानं हो म्हटलं होतं.