पित्ताची गोळी घेण्याआधी

[दृश्य: संध्याकाळची वेळ. औषधाचं दुकान. काउंटरवर कात्री आणि अर्धी कापलेली गोळ्यांची पट्टी.]

"गुडघा फार दुखतोय, त्या नेहमीच्या चार गोळ्या द्या. आणि पित्ताच्या पण द्या दोन. पोटात नुसती आग पडते हो."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही औषधाच्या दुकानात हे बोलणं कानावर पडेल. दुकानदार पट्टी कापतो आणि दोन्ही गोळ्या एकाच पाकिटात टाकतो. पोटातल्या आगीचं कारण आणि तिच्यावरचा उतारा, दोन्ही त्याच पाकिटात असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. हे त्या मावशींना कुणीतरी सांगायला हवं.

[दृश्य: दुर्बिणीतून दिसणारं जठराचं अस्तर.]

हे निरोगी जठर. फिकट गुलाबी, ओलसर, चमकदार. इथं स्रवणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा पाचकरस मांससुद्धा पचवतो. मग जठर स्वतःच का पचून जात नाही? कारण आतून चिकट श्लेष्माचा एक थर त्याला लिंपलेला असतो. जाडी मिलिमीटरहूनही कमी. थराच्या वरच्या अंगाला तीव्र आम्ल आणि खाली, पेशींना लागून, आम्लाचा जवळजवळ मागमूस नाही. हा थर टिकवतात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन ही वेदनाशामक औषधं नेमकी त्यांचीच निर्मिती रोखतात. त्यामुळे गुडघ्याची सूज उतरते आणि जठराचं संरक्षणही कमी होतं. जेवणानंतर गोळी घेतली म्हणून पूर्ण सुटका होत नाही, कारण औषध रक्तात मिसळल्यावरही हा परिणाम करतंच.

आणि हे सुजलेलं जठर. लालभडक, जागोजागी खरचटल्यासारखं. यालाच जठरदाह म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत गॅस्ट्रायटिस.

[दृश्य: ऑस्ट्रेलियातलं पर्थ शहर. जुन्या प्रयोगशाळेची छायाचित्रं.]

जठरदाहाचं दुसरं मोठं कारण सापडलं ते पर्थमध्ये. १९७९ साली रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला, सुजलेल्या जठराच्या तुकड्यांमध्ये वाकडे, नागमोडी जिवाणू दिसले. एवढ्या आम्लात जिवाणू तग धरूच शकत नाहीत, असं तेव्हा सगळेच मानत. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाला. दोघं ते जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायला बघत होते, पण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहिल्या आणि पाचव्या दिवशी त्यांत जिवाणू वाढलेले दिसले. त्यांना वेळ हवा होता, इतकंच!

तरीही जग मानेना. १९८४ मध्ये मार्शलनं स्वतःचं जठर आधी तपासून घेतलं, ते ठणठणीत असल्याची खात्री केली आणि जिवाणूंचं ते गढूळ पाणी पिऊन टाकलं. काही दिवसांतच मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. पुन्हा दुर्बीण घातली, तर जठराला सूज आलेली आणि त्यात तेच जिवाणू. २००५ साली दोघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जिवाणूचं नाव. तो युरिएज नावाच्या विकरानं (एन्झाइमनं) भोवती अमोनिया तयार करतो, आम्ल बोथट करतो आणि श्लेष्माच्या थरात घर करतो. आपल्या देशात त्याचा संसर्ग भरपूर आहे आणि बहुतेकांना तो लहानपणीच होतो. अनेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. काहींना मात्र अल्सर, म्हणजे अस्तरात खोल जखम होते, थोड्यांना पुढं जठराचा कर्करोगही होतो. म्हणून महिनोन्‌महिने ॲसिडिटी हटत नसेल, तर या जिवाणूची तपासणी करायला हवीच. शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत तो कळतो. सापडला, तर डॉक्टर दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी बहुधा १४ दिवस देतात. हा कोर्स मध्येच सोडायचा नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. दारू अस्तराला थेट जाळते. काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती जठराच्या पेशींवरच उलटते. मग बी-१२ शोषलं जात नाही आणि हातापायांना मुंग्या येतात. आणि मिरची? सुजलेल्या जठराला ती झोंबते, पण सूज काही तिच्यामुळं येत नाही. घरात सगळा दोष ठेच्यावर येतो आणि रोजची वेदनाशामक गोळी नामानिराळी राहते, हे मला फार खटकतं.

[दृश्य: कोकणातलं स्वयंपाकघर. चुलीवर पेज रटरटतेय.]

आता घरातले उपाय. उकड्या तांदळाची पेज, चवीपुरतं मीठ, वर चमचाभर तूप. आग पडलेल्या पोटाला एवढं सोपं जेवण दुसरं क्वचितच असेल. मऊ भात, मुगाचं वरण, साळीच्या लाह्याही तशाच. गोड, ताजं ताक बऱ्याच जणांना मानवतं. आमसुलाच्या पाण्यानं बरं वाटल्याचं घरोघरी सांगतात. ज्यांना मानवतं त्यांनी खुशाल घ्यावं, पण आंबटानं जळजळ वाढत असेल तर लगेच थांबवावं. मळमळीवर आल्याचा तुकडा चांगला लागू पडतो.

थंड दुधानं तेवढ्यापुरतं शमतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल वाढवतात. सोड्यानं ढेकर येऊन मोकळं वाटतं, पण त्यात सोडियम भरपूर, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी त्याची सवय लावू नये. ज्येष्ठमधाचंही तेच, जास्त झालं की रक्तदाब वाढतो.

खरा फरक पडतो तो दिनक्रमानं. सकाळी उपाशीपोटी चहावर चहा, दुपारी तीनला डबा, रात्री अकराला भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण, हे आधी मोडायला हवं. थोडं थोडं, वेळेवर खावं. जेवण आणि झोप यांत तीन तास तरी असावेत. दिवसभर कडक उपास आणि संध्याकाळी तेलकट साबुदाणा खिचडी ज्यांना सोसत नाही, त्यांनी देवाला हात जोडून फळं, दूध, वरी असं बेतानं खावं. दारू, तंबाखू सोडावी. पेज जिवाणूला मारत नाही आणि ताक वेदनाशामकाचा परिणाम पुसत नाही, त्यामुळं कारण शोधण्याला पर्याय नाही. सांधेदुखीची गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका.

[दृश्य: दवाखान्याचा दरवाजा.]

शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडत असेल, घास अडकत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर घरच्या उपायांत एक दिवसही घालवू नका. आणि छातीत दाटून आलं, घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.