एकवीस दिवसांचे आतडे

प्रयोगशाळेतील भांड्यातला हा गुलाबी द्रव पेशींचा आहार आहे आणि त्याखाली, प्लास्टिकच्या सच्छिद्र पटलावर, जेमतेम एका पेशीएवढ्या जाडीचा जो थर वाढतो आहे, तो आतड्याच्या अस्तराची जागा घेतो. या पेशींना काको-२ म्हणतात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील स्लोन-केटरिंग संस्थेत यॉर्गेन फॉग यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीपासून त्या वाढवल्या. नवलाची गोष्ट अशी, की तळ पूर्ण व्यापल्यानंतर सुमारे २१ दिवस त्यांना नीट सांभाळले, तर त्या लहान आतड्यातील पेशींसारख्या वागू लागतात: वरच्या अंगाला सूक्ष्मांकुरांची दाट झालर येते, साखर पचवणारी विकरे तयार होतात आणि शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. ही वीण किती पक्की आहे, हे थरातून वीज जाताना होणाऱ्या विरोधावरून मोजतात. मग वरून औषध घालून खालच्या कप्प्यात किती उतरले ते पाहिले, की पोटात घेतलेले औषध आतड्यातून कितपत शोषले जाईल याचा अंदाज बांधता येतो.

पण त्या अखेर कर्करोगाच्या पेशी आहेत. त्यांची गुणसूत्रे बिघडलेली आहेत आणि खऱ्या अस्तरातील श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी या थरात नाहीत. आजार समजून घ्यायचा तर ही उणीव फार मोठी आहे.

२००९ साली नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातील एकच मूळपेशी जेलीसारख्या मऊ पदार्थात ठेवून, योग्य वाढप्रथिने देऊन, तिच्यापासून अस्तराच्या निरनिराळ्या पेशी असलेले इवलेसे पोकळ आतडे वाढवले. हाच ऑर्गनॉइड. लवकरच मानवी पेशींपासूनही तो वाढू लागला.

त्याचे मोल नोरोव्हायरसने दाखवले. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा हा विषाणू १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला गेला, तरी मानवी नोरोव्हायरस प्रयोगशाळेत भरवशाने वाढवणे दशकानुदशके कुणाला साधले नव्हते. ह्यूस्टनमधील बेलर वैद्यकीय महाविद्यालयात मेरी एस्टेस यांच्या गटाने मानवी ऑर्गनॉइडच्या पेशी सुट्या करून सपाट थरात पसरल्या आणि २०१६ मध्ये तो त्यांत वाढत असल्याचे दाखवून दिले. त्याच्या काही प्रकारांना मात्र पेशी पुरल्या नाहीत. लहान आतड्यात त्यांना एरवी भेटते ते पित्त द्रवात मिसळल्यावरच ते वाढले.